जुन्या शेव्हरोले पिकअपचे ब्रेक आणि मागचा एक्सल : अक्कलकोट रोडवरच्या एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात, टॉवेलच्या कारखान्यांना लागून असलेल्या लेथ आणि वेल्डिंगच्या शेडांमध्ये, जुन्या गाड्यांची कामे करणारे एक लहानसे गॅरेज आहे. आमच्या 1951 च्या शेव्हरोले 3100 पिकअपच्या ब्रेकचे आणि मागच्या एक्सलचे संपूर्ण काम तेथे करून घेतले. अशी गाडी बाळगणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्या कामाचे परीक्षण येथे करीत आहे. गॅरेजवर पाटी नाही आणि आपले नाव कोठेही छापू नये अशी मिस्त्रींची स्पष्ट इच्छा असल्याने ते देत नाही. हातातली कामेच त्यांना पुरेशी आहेत. त्या भागातल्या एखाद्या लेथवाल्याला जुन्या अमेरिकन गाड्या कोण उघडतो असे विचारले, तर तो आपल्याला बरोबर त्याच शेडपाशी नेऊन सोडतो. निष्कर्ष आधीच सांगायचा तर काम पहिल्या प्रतीचे आहे, मुदत बेभरवशाची आहे आणि हातब्रेकच्या बाबतीत माझी नाराजी अजून कायम आहे.

गाडीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्या रचनेवर अवलंबून आहे. शेव्हरोलेने 1947 मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतले 3100 हे अर्ध्या टनाचे मॉडेल. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 116 इंच, सहा सिलिंडरांचे 216 घन इंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे इंजिन आणि 92 अश्वशक्ती. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली आणि 1954 मध्ये ती बंद केली. त्यामुळे या गाडीला आज कंपनीचे वर्कशॉपही नाही आणि सुट्या भागांचे दुकानही नाही. आमच्याकडे तिने सुताच्या गाठी वाहिल्या, चादरींचे गठ्ठे वाहिले, आणि अर्धा टन ही मर्यादा हौद्यात माल भरणाऱ्यांनी कधी मनावर घेतली नाही. मागच्या एक्सलची जी काही दुखणी आहेत, त्यांपैकी काहींचा उगम त्या काळात आहे असे मला वाटते.

तक्रार जुनीच होती. डाव्या बाजूच्या मागच्या ड्रममध्ये गिअर ऑइल उतरायचे, लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर, तेलकट व्हायचे आणि ब्रेक दाबल्यावर ते चाक कधी एकदम जखडायचे, तर कधी मुळीच धरायचे नाही. लायनरला तेलाचा थोडासा ओलावा लागला तर ते झटक्याने पकडते आणि पूर्ण भिजले तर घसरते, त्यामुळे आज ब्रेक कसा लागेल याचा अंदाज चालवणाऱ्याला राहत नाही. याआधी निरनिराळ्या ठिकाणी ऑइल सील बदलून झाले होते, लायनरही नवे बसवून झाले होते. काही महिने ड्रम कोरडा राहायचा आणि पुन्हा चाकाच्या आतल्या बाजूने काळा ओघळ दिसू लागायचा. एका ठिकाणी तर हा एक्सल काढून टाका आणि एखाद्या नव्या पिकअपचा घाला, असा सल्ला मिळाला. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

या गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हा मिस्त्रींनी प्रथम एकही चाक उघडले नाही. गाडी सपाट जागेवर उभी करून त्यांनी ऑइल भरण्याचे दोन प्लग उघडले, एक गिअरबॉक्सचा आणि दुसरा मागच्या हाउसिंगचा, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीचा. या दोन्ही ठिकाणी तेलाची पातळी प्लगच्या तोंडापर्यंत असावी लागते. हाउसिंगचा प्लग सुटताच तेल धारेने बाहेर आले, आणि गिअरबॉक्सच्या प्लगमध्ये बोट घातले तर बोटाला तेल लागले नाही. ‘मालक, तेल सीलमधून गळतंय हे खरं, पण सील बिचारं करणार काय? पुढचं तेल मागं येतंय,’ एवढेच ते म्हणाले. हे परीक्षण लिहावेसे वाटले ते या दोन प्लगांमुळे. सगळ्यांनी जिथे तेल दिसते ती जागा पाहिली होती. ते येते कोठून, हे इथे प्रथम पाहिले गेले.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कारण जरा विस्ताराने सांगतो. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट उघडा फिरताना दिसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळू देणारे जॉइंट, असतात. 1954 पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेमध्ये हा शाफ्ट एका जाड पोलादी नळीत बंद असतो. ती टॉर्क ट्यूब मागच्या हाउसिंगला बोल्टांनी पक्की जखडलेली असते आणि पुढच्या टोकाला गिअरबॉक्सच्या मागे गोलाकार सांध्यात हलते. जॉइंट एकच, तोही त्या गोलाकार सांध्याच्या आत, आणि त्याला वंगण मिळते ते गिअरबॉक्सच्या तेलातूनच. चाके गाडीला पुढे ढकलतात तो जोर या नळीतून गिअरबॉक्सकडे आणि तिथून चेसिसकडे जातो. आता या नळीच्या पुढच्या तोंडाशी शाफ्टला आधार देणारा एक बुश आणि तेल अडवणारे एक सील असते. बुश झिजला की शाफ्ट तिथे डगमगू लागतो, डगमगणाऱ्या शाफ्टवर सीलची ओठ टिकत नाही, आणि गिअरबॉक्सचे तेल नळीच्या आतून हळूहळू मागे वाहत हाउसिंगमध्ये जाऊन साठते. तिथली पातळी वाढली की तेल एक्सलच्या नळ्यांमधून चाकांकडे सरकते आणि बाहेरच्या सीलवर दिवसरात्र दाब ठेवते. नवे सीलही मग काही महिन्यांत हार मानते.

मग डावीच बाजू का, हा प्रश्न मी विचारला. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो; त्यामुळे गाडी चालताना आणि कडेला उभी असताना किंचित डावीकडे कललेली राहते आणि जादा तेल त्या बाजूला जाते. उत्तर इतके साधे होते की आधी कोणाला सुचले नव्हते याचेच नवल वाटले. याच्या जोडीला हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड, मातीने आणि जुन्या रंगाने पूर्ण बुजलेला निघाला. गाडी चालून तेल तापले की आतली हवा प्रसरण पावते. ब्रीदर बंद असला तर ती हवा सीलमधूनच वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. हा भाग साफ करायला तार आणि थोडे रॉकेल पुरते.

प्रत्यक्ष काम मात्र कष्टाचे होते. टॉर्क ट्यूबचा पुढचा बुश बदलायचा तर पुढचा सांधा सोडवून संपूर्ण मागचा एक्सल नळीसकट मागे ओढून काढावा लागतो. चेसिस लोखंडी स्टँडवर ठेवून, पाट्यांचे यू-बोल्ट, ब्रेकची लवचीक नळी आणि हातब्रेकच्या केबली सोडवून त्यांनी तो बाहेर घेतला. बुश शेजारच्या लेथवर गनमेटलमध्ये कातून घेतला. मिस्त्री आपल्या हाताखालच्या मुलांशी तेलुगूत, लेथवाल्याशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते, आणि मापे मात्र तिन्ही भाषांत इंचाच्या हजाराव्या भागातच, म्हणजे ‘थाउ’मध्ये सांगितली जात होती. सीलसाठी त्यांनी अमेरिकेकडे डोळे लावले नाहीत. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी घेऊन त्याच मापाचे दोन ओठांचे रबरी सील त्यांनी स्थानिक बाजारातून आणले. जे भाग मापावर मिळतात ते परदेशातून मागवून जहाजभाडे आणि सीमाशुल्क का भरायचे, हा त्यांचा हिशेब मला पटला.

एक्सल शाफ्ट काढण्याची पद्धत या गाडीत वेगळी आहे आणि ती माहीत नसलेल्या माणसाने चाकाच्या बाजूने हातोडे मारून बरेच नुकसान केल्याची उदाहरणे आहेत. शाफ्ट बाहेरून कोठेही अडवलेला नसतो. हाउसिंगचे मागचे झाकण उघडून, डिफरन्शिअलमधल्या लहान पिनियनची पिन काढून, शाफ्ट थोडा आत ढकलला की त्याच्या आतल्या टोकाच्या खाचेतले इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे लॉक सुटते. ते काढल्यावर शाफ्ट हाताने बाहेर येतो. हा सेमी-फ्लोटिंग एक्सल आहे, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचा भारही पेलतो. पाऊण टनाच्या 3600 मॉडेलमध्ये फुल-फ्लोटिंग एक्सल होता. तिथे भार हाउसिंग पेलते आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. आमच्यासारख्या गाडीत शाफ्ट तुटला किंवा ते लॉक निसटले तर चाक ड्रमसकट बाहेर येऊ शकते, म्हणून मिस्त्रींनी दोन्ही लॉक, त्यांच्या खाचा आणि पिनचा स्क्रू भिंगाखाली पाहिले. अर्ध्या टनाच्या गाडीत भरमसाट माल भरून वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये.

डाव्या शाफ्टवर सीलची ओठ जिथे घासते तिथे नखाला लागेल इतकी गोल खाच पडली होती. अशा शाफ्टवर कितीही चांगले सील बसवले तरी ते गळणारच. यावर दोन उपाय असतात: शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणे, किंवा सील आपल्या घरात किंचित अलीकडे बसवून त्याची ओठ न झिजलेल्या भागावर आणणे. त्यांनी दुसरा उपाय निवडला, कारण घरात तेवढी जागा होती आणि स्लीव्ह चढवण्याचा खर्च वाचत होता. मला सुरुवातीला तो जुगाड वाटला होता, पण आतापर्यंत ड्रम कोरडा आहे.

क्राउन-पिनियनच्या, म्हणजे शाफ्टचे फिरणे चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी जोडीच्या बाबतीत त्यांनी दाखवलेला संयम विशेष नोंदवण्यासारखा आहे. दातांवर तेलात कालवलेला शेंदूर लावून, क्राउन हाताने दोन्ही दिशांना फिरवून त्यांनी ठसा पाहिला. तो दाताच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आला, बॅकलॅशही (दातांमधला मोकळा खेळ) योग्य निघाला, म्हणून त्या जोडीला त्यांनी हात लावला नाही. इतक्या वर्षांत एकमेकांशी जुळलेली दातांची जोडी कारण नसताना हलवली तर नवीन आवाज सुरू होतात आणि ते बंद करणे फार अवघड असते. हाउसिंग उघडलेच आहे तर बेअरिंग आणि शिम बदलून बिल वाढवण्याची सोय त्यांना होती. ती त्यांनी वापरली नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर येणारा हलका घुंघुं आवाज पुढेही राहील, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि तो राहिला आहे.

आता ब्रेक. 1951 हे साल अर्ध्या टनाच्या शेव्हरोलेसाठी अडचणीचे आहे, कारण 1950 पर्यंत या गाड्यांना हक पद्धतीचे ब्रेक होते आणि 1951 पासून बेंडिक्स पद्धतीचे आले. दोन्ही हायड्रॉलिक, दोन्ही ड्रमचे, पण शू (लायनर बसवलेल्या कमानदार पट्ट्या), स्प्रिंगा, व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारे चाकातले सिलिंडर) एकमेकांना चालत नाहीत. नुसते साल सांगून सामान मागवले तर चुकीचा संच येण्याची शक्यता असते, शिवाय जुन्या गाड्यांत कोणीतरी मधल्या काळात पूर्ण एक्सलच बदललेला असू शकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. हक ब्रेकमध्ये लायनर जवळ आणण्यासाठी व्हील सिलिंडरच्याच दोन टोकांवरची दातेरी टोपणे फिरवावी लागतात. बेंडिक्समध्ये दोन्ही शूंच्या खालच्या टोकांमध्ये एक दातेरी चक्री असते आणि तिच्यासाठी बॅकिंग प्लेटला खालच्या बाजूला फट ठेवलेली असते. आमच्या गाडीच्या चारही चाकांना बेंडिक्सच निघाले.

या बेंडिक्स ब्रेकमध्ये दोन्ही शू वर एकाच पिनवर टेकतात आणि खाली त्या चक्रीने जोडलेले असतात. ब्रेक दाबल्यावर पुढचा शू ड्रमला टेकतो, फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो, आणि तो ओढीचा जोर चक्रीमार्फत मागच्या शूला ड्रमवर आणखी घट्ट दाबतो. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलताच अधिक रुतते, तसे हे काम चालते. म्हणून मागच्या शूचे लायनर लांब आणि पुढच्या शूचे आखूड असते. डाव्या चाकात आधीच्या कोणीतरी हे दोन शू उलटे बसवले होते. गाडी थांबत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पण त्या चाकाचा ब्रेक बाकीच्यांपेक्षा कमजोर होता आणि आखूड लायनर वेगाने झिजत होते. तेलाच्या गळतीआड हा दोष लपून राहिला होता.

ड्रम अकरा इंचांचे आहेत. ते लेथवर घेताना मूळ मापापेक्षा साठ थाउ, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरपेक्षा अधिक व्यास वाढवू नये असा सर्वमान्य संकेत आहे, कारण ड्रम पातळ झाला की लवकर तापतो आणि दाबाखाली ताणतो. मिस्त्रींनी मागचे दोन्ही ड्रम एकाच मापावर घेतले. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या व्यासांचे ड्रम असले तर ब्रेक असमान लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ड्रमचा व्यास वाढला की जुन्या मापाच्या शूची गोलाई त्याला जुळत नाही आणि लायनर फक्त मध्यभागी टेकते. बहुतेक गॅरेजांत ‘चालवून बसेल’ असे सांगून गाडी ताब्यात दिली जाते. इथे ड्रमला आतून खडू लावून, शू फिरवून, खडू कोठे उमटतो ते पाहत लायनर घासून बसवले. याला वेळ लागतो आणि बिलात त्याची वेगळी ओळ नसते.

व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले होते. त्यांना स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्ह घालून घेतल्या आणि रबरी कप नवे बसवले. पाइप पोलादी नवे केले. अमेरिकेतून तयार वाकवलेल्या पाइपांचा संच मागवण्याचा मोह होतो, पण तो डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी असतो. आपल्या गाड्यांत पॅडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर उजव्या बाजूला, चालकाच्या पायाखालच्या फळीखाली असल्यामुळे तो संच बसत नाही. इथे पाइप हाताने वाकवून, टोके दुहेरी फुलवून बसवले गेले आणि तिन्ही लवचीक नळ्या बदलल्या. पॅडलच्या दांड्याला मास्टर सिलिंडरच्या पिस्टनआधी थोडा मोकळा खेळ ठेवावा लागतो; तो नसला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक लागल्यासारखी गाडी ओढत चालते. हा खेळ त्यांनी माझ्यासमोर मोजून ठेवला. हवा काढण्याचे कामही घाईत उरकले नाही.

ब्रेक ऑइल त्यांनी डॉट 4 घातले. नवीन असताना ते किमान 230 अंश सेल्सिअसला उकळते, पण हवेतली आर्द्रता शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. फार न चालणाऱ्या गाडीतही हे शोषण थांबत नाही, म्हणून किलोमीटर न पाहता दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. सिलिकोनचे डॉट 5 पाणी शोषत नाही आणि रंगही खराब करत नाही, म्हणून काही संग्राहक ते वापरतात. पण ते जुन्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि पूर्ण यंत्रणा कोरडी करूनच घालावे लागते.

आता त्या ‘नवा एक्सल घाला’ सल्ल्याविषयी. हा सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे असे की नव्या एक्सलला सुटे भाग मिळतात, ब्रेक चांगले असतात आणि गुणोत्तर उंच (म्हणजे आकडा लहान) असल्याने गाडी हायवेवर मोकळी पळते. शेवटचा मुद्दा खोटा नाही. आमच्या गाडीचे गुणोत्तर 4.11 आहे, म्हणजे शाफ्टच्या 4.11 फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो; 6.00-16 टायरवर ताशी 80 किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे 2450 फेरे घेते, आणि बॅबिट या मऊ धातूची बेअरिंगे असलेल्या त्या इंजिनाला तासन् तास तसे धावणे मानवत नाही. त्याच काळातल्या पॉवरग्लाइड (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) शेव्हरोले मोटारींची 3.55 ची क्राउन-पिनियन या हाउसिंगमध्ये बसते आणि तेच फेरे सुमारे 2120 वर येतात. पण बाहेरचा एक्सल घालायचा तर टॉर्क ट्यूब जाते, आणि टॉर्क ट्यूब गेली की तिला जोडण्यासाठी बनवलेले गिअरबॉक्सचे मागचे तोंडही निरुपयोगी होते, म्हणजे गिअरबॉक्सही बदलावा लागतो. एका गळणाऱ्या बुशसाठी अर्धी गाडी बदलण्याचा हा प्रकार आहे. मिस्त्रींनी तो करण्यास नकार दिला. 3.55 चा विचार मीच सोडला: वेग 60 वरून 80 झाला की थांबवताना ब्रेकला पावणेदोनपटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते, आणि ब्रेक तर तेच आहेत.

नियमांचाही विचार करावा लागतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदणी होते, ती दहा वर्षे चालते, आणि गाडी मूळ स्वरूपात असणे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसणे ही अट आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत मिस्त्रींपेक्षा वेगळे आहे. मूळ मास्टर सिलिंडर एकेरी आहे. कोठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र कप्पे असलेला दुहेरी मास्टर सिलिंडर त्याच जागी ब्रॅकेटवर बसवता येतो आणि तो काढून गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणता येते. मूळपणाचा आग्रह मला मान्य आहे, पण तो इतक्यापर्यंत नेऊ नये. ‘नळ्या नव्या आहेत, काय होतंय?’ हे त्यांचे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. पुढच्या वेळी मी तो बसवून घेणार आहे.

कामाची परीक्षा आम्ही तुळजापूरच्या घाटात घेतली. उतारावर ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पॅडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क ब्रेकची सवय असलेल्या माणसाला याची कल्पना नसते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरून, ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून लावला, तर पॅडल शेवटपर्यंत एकाच उंचीवर राहिले आणि गाडी कोणत्याही बाजूला ओढली नाही. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिले. मागचे दोन्ही सारखेच गरम होते. परत आल्यावर गिअरबॉक्सचा प्लग उघडला, पातळी जिथे ठेवली होती तिथेच होती.

उणिवा सांगतो. सांगितलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख यांत मोठे अंतर पडले. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर शेड बंदच असते आणि लेथवाला हातात काम घेत नाही. केलेल्या कामाची लेखी नोंद मिळत नाही. ड्रमचे माप, बुशचे माप, सीलचा क्रमांक मी स्वतः वहीत उतरवून घेतला, तुम्हीही घ्या. हाताखालचा पोऱ्या जुन्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवत होता. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ श्वासात जाणे घातक आहे. ड्रम ओल्या फडक्याने पुसावेत. मी सांगितल्यावर त्यांनी ते ऐकले, पण तिथली ती रीत नाही.

हातब्रेक अपुरा राहिला आहे. मागच्या शूंमधली त्याची पट्टी आणि लिव्हर ठीक आहेत, पण जुनी केबल ताणलेली असल्याने गाडी सपाटीवर थांबते आणि चढावर सरकते. नवी केबल मापाने बनवून देण्याचे कबूल झाले आहे. तोवर मी चाकाखाली लाकडी ठोकळा लावतो.

बिल मजुरी, लेथ आणि सामान अशा तीन भागांत मिळाले आणि मजुरीचा भाग सर्वांत मोठा होता, जे अशा कामात योग्यच आहे. गाडीगणिक काम बदलत असल्याने आकडा देण्यात अर्थ नाही. तिथे जाण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर उभी करून गिअरबॉक्सचा आणि मागच्या हाउसिंगचा प्लग स्वतः उघडून पाहावा. पुढे कमी आणि मागे जास्त असेल, तर टॉर्क ट्यूबचा बुश गेला आहे असे धरून एक्सल खाली उतरवण्याच्या तयारीनेच वेळ ठरवावी. दोन्ही पातळ्या बरोबर असूनही ड्रम ओला असेल, तर ब्रीदर आणि शाफ्टवरची खाच यांच्यापासून सुरुवात करायला मिस्त्रींना सांगावे. ते काम एक्सल जागेवर ठेवूनच होते.